साथीचा काळ आणि मुलींचे सामने

आमची एक भाची न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं राहते. २०२० च्या ऑगस्टांत, कोविडच्या साथीचा पहिला पावसाळा आपल्याकडे चालूं असतां, एके दिवशीं सकाळीं फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसला, तो बराच त्रासलेला होता. तेव्हांचे दिवसच असे कीं, कोणाचाहि फोन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला असे. “सर्वांची प्रकृति ठीक आहे ना ग?” असें आम्हीं घाईघाईनें विचारलें. “प्रकृतीला काय धाड भरली आहे, मामा! सगळीं खुशाल आहेत. पण आमच्या येथें मुलींचे सामने अर्ध्यावर बंद पडले, आणि आतां चषक कोणाला द्यायचा ह्यावरून आयाआयांची जुंपली आहे.”

आम्हांस हसूं आलें. चहूंकडे माणसें दवाखान्यांत खाटेसाठीं वणवण करीत असतां बारा वर्षांच्या मुलींच्या चषकावरून कसलें भांडण, असें मनांत आलें, व तें आम्हीं बोलूनहि दाखविलें. तिनें रागावून फोन ठेवला नाहीं, एवढेंच. “मुलग्यांचं रग्बी पुन्हां केव्हां सुरू होणार, हें विचारतांना कोणाला लाज वाटत नाहीं, मामा. आमच्याच बाबतींत तेवढीं लोकांना माणसं मेलेलीं आठवतात.”

तें वाक्य दोन दिवस डोक्यांतून जाईना. त्यानंतर ह्या विषयावर जें वाचलें, व तिच्याकडून पुन्हां पुन्हां विचारून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें बरेच दिवस मनांत होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या मे महिन्यांत त्या साथीची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. तेव्हां आतां तिकडे थोड्या थंड डोक्यानें पाहतां येईल.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. नेटबॉल हा खेळ आपल्याकडे पुष्कळांस नांवानेंच ठाऊक असतो. ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद अशा अंगणाचे आडवे तीन सारखे भाग पाडलेले; दोन्ही टोकांस खांबावर ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, उंचीवर एकेक कडें व त्यास जाळी. बास्केटबॉलांत कड्यामागें जशी फळी असते तशी येथें नसते, त्यामुळें चेंडू आपटून आंत घालण्याची सोय नाहीं. तो नेमकाच टाकावा लागतो. प्रत्येक बाजूस सात जणी. चेंडू घेऊन पळावयाचें नाहीं, आपटीत न्यावयाचा नाहीं, आणि तीन सेकंदांच्या आंत दुसरीकडे देऊन मोकळें व्हावयाचें. प्रत्येकीच्या कपड्यावरून तिच्या जागेचीं अक्षरें लिहिलेला एक बिनबाह्यांचा तुकडा असतो, त्यास तिकडे बिब म्हणतात. जिची जी जागा तिनें आंखून दिलेल्या भागांतच फिरावें. धक्का देणें निषिद्ध. चेंडू जिच्या हातीं असेल तिच्यापासून अडविणारीनें तीन फूट दूर पाय ठेवावे. हा तीन फुटांचा नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावा, पुढें त्याचें काम आहे.

ह्या खेळाचा जन्मच मुळीं तडजोडींतून झाला. १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें बास्केटबॉल काढला. थोड्याच वर्षांत तो इंग्लंडांत मादाम बर्गमन-ऑस्टरबर्ग ह्या बाईंच्या स्त्रियांसाठींच काढलेल्या शारीरशिक्षणाच्या महाविद्यालयांत पोंचला. तेथील विद्यार्थिनी पायघोळ वस्त्रें नेसून खेळत. त्या पोशाखांत जें शक्य व त्या समाजांत जें शोभेल तें ठेवून बाकीचें गाळीत गाळीत एक निराळाच खेळ तयार झाला, व १९०१ सालीं त्याचे नियम छापून निघाले. पुढें देशोदेशीं पाठभेद झालेच. न्यूझीलंडांत तर कित्येक वर्षें सातांऐवजीं नऊ-नऊ मुली खेळत. १९६० सालीं कोलंबो येथें निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधि जमल्या, तेव्हां कोठें सर्वांनीं मिळून एक नियमावली करावयाचें ठरलें. आणि १९६३ सालीं इंग्लंडांत ईस्टबोर्न येथें पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्या देशांत हा खेळ थाटानें दिसला तो २०१० सालच्या दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत. त्यागराज क्रीडागारांतील त्या अंतिम सामन्यांत जादा वेळ खेळूनहि बरोबरी झाली, पुन्हां जादा वेळ द्यावा लागला, आणि न्यूझीलंडनें ऑस्ट्रेलियास ६६-६४ असें हरविलें. तो सामना ज्यांनीं पाहिला असेल ते ह्या खेळास ‘मुलींचा लुटुपुटीचा खेळ’ असें पुन्हां म्हणणार नाहींत. असो. सांगण्याचें तात्पर्य, ज्या खेळाचे नियमच परिस्थितीकडे पाहून घडले, त्यांस साथीच्या दिवसांत हात लावला म्हणून खेळ बुडाला असें होत नाहीं.

आतां ह्या खेळाची व साथीची गांठ कशी पडली तें पाहूं. अंगास अंग न लावतां, अंतर राखून खेळावयाचा खेळ अशा रोगांत निर्धास्त असावा, असें कोणासहि वाटेल. पण प्रत्यक्षांत अडविणारी मुलगी पाय तीन फुटांवर ठेवून वरचें अंग पुढें झुकविते, हात लांबविते, आणि दोघींचीं तोंडें हातभर अंतरावर येतात. दोघीहि त्या वेळीं धांपा टाकीत असतात. म्हणून इंग्लंडच्या नेटबॉल संस्थेनें २०२० सालीं गांवोगांवच्या मंडळांसाठीं जे बदललेले नियम काढले, त्यांत हें अंतर तिहींचें चार फूट केलें. दोघींना समोरासमोर उभें करून पंचानें मध्यें चेंडू उडवावयाचा, हा प्रकार काढून टाकला. खेळ थांबला असतां एकमेकींजवळ उगाच उभें राहावयाचें नाहीं, असेंहि सांगितलें. एवढेसे हे बदल. पण ज्यांनीं ते केले त्यांनीं खेळ क्षणाक्षणानें तपासून, कोणत्या क्षणीं कोणाचा श्वास कोणाच्या तोंडावर जातो, हें पाहिलें असलें पाहिजे. स्वयंपाकघरांत कोठें काय सांडतें, हें जशी घरची बाईच जाणते, तसें हें काम खेळ जाणणाऱ्यांचेंच.

ह्यांच्या जोडीस चेंडू पुसण्याचें व बिब धुण्याचें प्रकरण होतें. एकीचा बिब दुसरीनें घालावयाचा नाहीं, चेंडू मधल्या वेळीं औषधानें पुसून घ्यावयाचा. भाचीकडे तिच्या मुलीच्या संघाची व्यवस्था होती. शनिवारीं रात्रीं सातहि बिब धुवून घरांत दोरीवर वाळत घालणें हें तिचें काम. “आजीचं सोंवळं पुन्हां आलं, मामा,” असें ती म्हणे. पुढें असें उमगलें कीं, हा रोग वस्तूंच्या स्पर्शापेक्षां हवेंतून अधिक पसरतो. २०२१ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेंहि स्पर्शानें लागण होण्याचा संभव अल्प असल्याचें सांगितलें. म्हणजे चेंडूच्या सोंवळ्यापेक्षां उघडें मैदान, बंदिस्त जागेच्या उघड्या खिडक्या व थोडा वेळ ह्यांचीच खरी मदत होती. पण पुसण्याधुण्यांत माणसास कांहीं तरी केल्याचें समाधान मिळतें, आणि खिडकी उघडण्यांत तें तेवढें मिळत नाहीं. सोंवळ्याचें हें मर्म आपल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

हे झाले गांवच्या मंडळांचे नियम. वरच्या पायरीवर, जेथें खेळणाऱ्या मुलींस थोडेंफार वेतन मिळतें व सामने दूरदर्शनावर दिसतात, तेथें काय झालें तें अधिक बोधप्रद आहे. इंग्लंडांतील सुपरलीग ह्या दहा संघांच्या साखळी सामन्यांस २०२० च्या फेब्रुवारींत प्रारंभ झाला. मार्चांत ते थांबले. मे महिन्यांत तो मोसमच रद्द झाला व त्या वर्षीं विजेता कोणीच नाहीं असें ठरलें. त्याच मे महिन्यांत स्त्रियांच्या वरिष्ठ फुटबॉल सामन्यांवरहि पडदा पडला. आणि १७ जूनला पुरुषांचें फुटबॉल पुन्हां सुरू झालें! विषाणु तोच, देश तोच, सरकारहि तेंच. अंतर होतें तें पैशाचें. पुरुषांच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे करार एवढे मोठे कीं, खेळ न होण्यानें जें नुकसान झालें असतें, त्यापुढें तपासण्यांचा व बंदोबस्ताचा खर्च किरकोळ वाटावा. मुलींच्या संघांकडे तो किरकोळ खर्चहि करावयास द्रव्य नव्हतें.

ह्यांत कोणाची दुष्ट बुद्धि होती असें आम्ही म्हणत नाहीं. घराची मिळकत कमी झाली म्हणजे प्रथम मुलीची गाण्याची शिकवणी बंद होते, मुलाचा गणिताचा वर्ग चालूं राहतो. त्या घरांत मुलीवर कोणाचें प्रेम नसतें असें थोडेंच आहे? कोणी बसून निर्णयहि घेत नाहीं. तें आपोआप होतें, आणि आपोआप होतें म्हणूनच त्याचा जाब विचारावयास कोणी सांपडत नाहीं. आपल्याकडेहि हाच अनुभव आला. २०२० च्या सप्टेंबरापासून नोव्हेंबरापर्यंत पुरुषांच्या क्रिकेटचे साठ सामने संयुक्त अरब अमिरातींत नेऊन खेळविले गेले, आणि स्त्रियांच्या वांट्यास शारजा येथें तीन संघांचे मिळून चार सामने आले. त्या वर्षीं ८ मार्चला मेलबोर्न येथें विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेल्या आपल्या मुलींस पुढचा आंतरराष्ट्रीय सामना खेळावयास २०२१ चा ७ मार्च उजाडावा लागला.

न्यूझीलंडनें निराळी वाट धरली. तेथें राष्ट्रीय साखळी सामने १५ मार्च २०२० रोजीं सुरू होतांच बंद पडले. पण रोग आटोक्यांत येतांच १९ जूनला पुन्हां उभे राहिले. सहाहि संघांचे सामने ऑकलंडच्या एकाच क्रीडागारांत घ्यावयाचे, व पंधरा मिनिटांचा प्रत्येक पाव डाव बारा मिनिटांचा करावयाचा, असें ठरलें. म्हणजे थोड्या आठवड्यांत पुष्कळ सामने बसले व मुलींच्या अंगावर ताणहि बेताचा पडला. ऑगस्टांत ऑकलंडच पुन्हां बंद झालें तेव्हां उरलेले सामने तेथून दुसरीकडे हलवून तो मोसम महिनाअखेरीच्या आंत पुरा करण्यांत आला. अंतिम सामन्यांत सेंट्रल पल्स ह्या संघानें मेनलंड टॅक्टिक्सला ४३-३१ असें हरविलें. बारा मिनिटांच्या खेळांत धांवसंख्या रोडावते, जुन्या विक्रमांशीं तुलना बिघडते, अशी कुरकुर करणारे लोक तेथेंहि असतीलच. आम्हांस तर हा बदल अत्यंत शहाणपणाचा वाटतो. कोणास तो कां केला हें समजावून सांगावें लागत नव्हतें, आणि ज्यांस खेळावयाचें त्यांच्या सोयीचाच तो होता.

ऑस्ट्रेलियांतील कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील आठ संघांचे सामने मे महिन्यांत व्हावयाचे ते १ ऑगस्टला सुरू झाले. तोंवर मेलबोर्न शहर दुसऱ्या, व पहिलीहून कडक, अशा टाळेबंदींत सांपडलें होतें, आणि प्रांताप्रांतांच्या सीमा बंद झाल्या होत्या. तेव्हां मेलबोर्न, सिडनी वगैरे ठिकाणच्या संघांनीं घरदार सोडून क्वीन्सलंडांत मुक्काम केला, व बहुतेक सर्व सामने त्या एका प्रांतांत झाले. अडीच-तीन महिने तीच मंडळी, तेंच जेवण, तोच सराव! आपल्याकडे लग्नघरांत आठ दिवस पाहुणे राहिले तरी शेवटीं कुरबूर होते. मग ह्या मुलींनीं काय काढलें असेल, ह्याची कल्पनाच करावी. १८ ऑक्टोबरला ब्रिस्बेन येथें मेलबोर्नच्या व्हिक्सन्स संघानें पर्थच्या फीव्हर संघास ६६-६४ असें हरविलें. दिल्लीच्या त्या सामन्याचेच आंकडे! ज्या शहराच्या नांवानें तो चषक जिंकला, त्या शहरांतील मुलींस त्या दिवशीं आपल्या मैदानांत संघ जमवून खेळण्याची मोकळीक नव्हती. त्यांनीं आपल्या विजेत्या घरांत बसून पडद्यावर पाहिल्या.

पण ह्याच मोसमांत एक अशी गोष्ट झाली कीं, तिच्याविषयीं आम्हांस थोडें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जून महिन्यांत, म्हणजे सामने सुरू होण्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं, चालकांनीं एक नवा नियम जाहीर केला: प्रत्येक पाव डावाच्या शेवटच्या पांच मिनिटांत कड्यापासून तीन मीटरांपलीकडून टाकलेल्या चेंडूस एकाऐवजीं दोन गुण. हेतु असा कीं, शेवटपर्यंत चुरस राहावी व पाहणारांस मौज वाटावी. खेळणाऱ्या मुलींच्या संघटनेनें तक्रार केली कीं, आम्हांस कोणी विचारलें नाहीं. आणि खरोखर, ह्या नियमाचा साथीशीं संबंध काय? चार फुटांच्या अंतरास कारण होतें, बारा मिनिटांस कारण होतें. दोन गुणांस साथीनें दिलेली संधि एवढेंच कारण. सगळें घर उलथेंपालथें झालेलें असतां कोणी जुन्या देवघराची जागा हळूच बदलावी, तसें हें झालें. नियम चांगला कीं वाईट, हा वाद निराळा. तो पुढच्या मोसमांतहि राहिला, आणि लांबून टाकणाऱ्या मुलींनीं त्यांत कौशल्य दाखविलें, हें आम्ही मान्य करतों. तरीपण संकटकाळीं गरजेपोटीं केलेले बदल लोक निमूट सोसतात तें एका विश्वासावर. त्या विश्वासाच्या आडून दुसरें कांहीं आंत आणलें कीं, पुढच्या वेळीं खऱ्या गरजेचा बदलहि लोक संशयानें पाहूं लागतात.

इंग्लंडनें २०२१ सालीं आपली चूक, चूक म्हणा कीं नाइलाज म्हणा, सुधारली. त्या वर्षीं फेब्रुवारींत सारा देश टाळेबंदींत असतां वेकफील्ड येथील एका मोठ्या स्टुडिओंत, प्रेक्षकांवांचून, अकरा संघांचे सामने सुरू झाले, आणि जूनच्या अखेरीस लंडनांत लफबरोच्या संघानें चषक घेतला. मात्र गांवोगांवच्या मुलींस मोकळ्या मैदानांत खेळण्याची मुभा मिळाली ती २९ मार्चला. वर दिवा लागला, पण ओटीवर अंधारच. हा क्रम आम्हांस मनापासून रुचत नाहीं. तथापि वरचा दिवाच विझला असता तर खालच्या मुलींनीं कोणाकडे पाहून खेळावें, हाहि प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें आहे, आणि आमचा स्वतःचा निर्णय अजून झालेला नाहीं.

ओटीवरच्या कारभाराची मात्र आम्हांस आतां बरीच माहिती झाली आहे, ती भाचीमुळें. तिच्या मुलीच्या गटांत आठ संघ होते. प्रत्येकानें बाकीच्या सातांशीं एकेकदां खेळावयाचें म्हणजे अठ्ठावीस सामने. दर शनिवारीं चार, असे सात शनिवार, व आठव्या शनिवारीं अंतिम सामना. २०२० मध्यें जूनच्या अखेरीस प्रारंभ झाला, मध्यें शाळेची सुट्टी आली, आणि पांच फेऱ्या पुऱ्या होतात न होतात तों ११ ऑगस्टच्या रात्रीं शहरांत नवे रुग्ण आढळल्याची वार्ता आली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां ऑकलंड बंद. पहिल्या क्रमांकाच्या संघानें पांचहि सामने जिंकले होते, पण त्याचे दोन अवघड सामने राहिले होते. दुसऱ्यानें चार जिंकले होते व त्याचे दोन सोपे राहिले होते. आतां सांगा, पहिला कोण? आयांपैकीं अर्ध्या म्हणत, आहे तो तक्ता प्रमाण माना. अर्ध्या म्हणत, न झालेले सामने बरोबरीचे धरा. एका बाईंनीं वर्गणी परत मागितली. व्यवस्थापकांपाशीं ह्याविषयीं एक ओळहि लिहिलेली नव्हती, त्यामुळें ते जें म्हणतील त्यांत कोणाची तरी बाजू घेतल्याचा वास येणारच. शेवटीं चषक कोणासच मिळाला नाहीं, तो कपाटांत राहिला.

पुढच्या वर्षीं मोसमापूर्वींच्या बैठकींत भाचीनें हट्ट धरून चार गोष्टी लिहवून घेतल्या. दोनतृतीयांश फेऱ्या झाल्या असतील तर दर सामन्यामागें पडणाऱ्या सरासरी गुणांवर क्रम लावावा, नसतील तर क्रमच लावूं नये. मैदानाचें भाडें व पंचांचें मानधन जेवढें खर्चीं पडलें असेल तेवढें कापून उरलेली वर्गणी परत करावी. बंद करण्याचा व उघडण्याचा निर्णय कोणीं घ्यावयाचा, त्या तिघांचीं नांवें आधींच ठरवावीं. ह्या तीन गोष्टींवर फारसा वाद झाला नाहीं. चौथीवर मात्र तासभर चर्चा झाली, आणि आमच्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. मुली आजारी पडल्यामुळें एखादा संघ मैदानांत उतरूं शकला नाहीं तर काय करावें? पूर्वींची रीत अशी कीं, न येणाऱ्याचा पराभव धरावा व प्रतिपक्षास पुरे गुण द्यावे. वरवर पाहतां तें न्याय्य आहे. परंतु भाचीचें म्हणणें असें: सात जणींचा संघ, बदलीच्या एकदोघी, शुक्रवारीं रात्रीं एकीस खोकला सुरू झाला, ती न आली तर सारा संघ हरणार. अशा वेळीं आई काय करील? गरम पाणी देईल, घसा शेकील, आणि सकाळीं गुपचूप मुलीस मैदानावर घेऊन जाईल. “वाईट आई म्हणून नव्हे, मामा. बाकीच्या आठ आयांना तोंड दाखवायचं असतं म्हणून.” तेव्हां असा सामना दोघांसहि सारखे गुण देऊन मिटवावा, म्हणजे खोकणारी मुलगी घरीं ठेवल्यानें कोणाचा अपराध होत नाहीं. तासभराच्या वादानंतर तो नियम मंजूर झाला. साथीविषयीं सरकारी पत्रकें आम्हीं पुष्कळ वाचलीं; पण रोग पसरविणारा नियम बिनविषारी दिसतो तरी कसा, हें आम्हांस त्या बैठकीच्या हकीकतीनें जितकें कळलें तितकें कोणत्याहि पत्रकानें कळलें नव्हतें.

आपल्याकडे शाळांचीं संमेलनें, वसाहतींतील गणेशोत्सवाचे सामने, महिला मंडळांच्या स्पर्धा ह्यांचा कारभार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जणी पाहतात. साथ नसेल तर अतिवृष्टि असेल, निवडणूक असेल, मैदान एकाएकीं दुसऱ्या कामास लागेल. आजारी संघाचा पराभव धरावयाचा कीं नाहीं, हें त्यांनीं पहिला सामना होण्यापूर्वींच लिहून ठेवावें, अशी आमची त्यांस विनंति आहे. नंतर ठरविलें तर त्यास कोणाचें तरी नांव चिकटतें.

२०२१ च्या १७ ऑगस्टला न्यूझीलंड पुन्हां बंद झालें, आणि ऑकलंडची बंदी ह्या खेपेस शंभरांवर दिवस चालली. त्या सप्टेंबरांत इंग्लंडच्या मुलींनीं तिकडे जाऊन न्यूझीलंडला २-१ असें हरविलें. ते सामने दक्षिणेस क्राइस्टचर्च येथें झाले, ऑकलंडांत होणें शक्यच नव्हतें. भाचीच्या गटांत त्या वर्षीं भांडण झालें नाहीं. लिहिलेलें काढून वाचलें, वर्गणीचा उरलेला भाग ज्याचा त्यास मिळाला, संपलें. मात्र पुढच्या मोसमांत सातांपैकीं दोघी मैदानावर परत आल्या नाहींत. एकीस वाचनाचा नाद लागला, तें ठीकच. दुसरीनें “आतां धांवायची लाज वाटते” असें सांगितलें. तेराव्या-चवदाव्या वर्षीं मुलीचें शरीर बदलतें, तेव्हां दर शनिवारीं हांक मारणाऱ्या मैत्रिणी नसल्या तर ती एकदां घरांत बसली कीं बसलीच. त्या मुलीस परत आणण्याचा भाचीनें दोन वर्षें प्रयत्न केला. अजून ती आलेली नाहीं.

भाचीच्या स्वतःच्या मुलीचें काय झालें, हें विचाराल. त्या लांबलेल्या बंदींत तिच्या वडिलांनीं परसांत लोखंडी खांब रोवून, फीत लावून मोजून, बरोबर दहा फुटांवर कडें बसवून दिलें. तिची आजी, म्हणजे भाचीच्या सासूबाई, पुण्यास असतात. त्यांस त्या उन्हाळ्यांत आजार होऊन गेला होता व घराबाहेर पडण्याची मनाई होती. पुण्यास सकाळचे नऊ वाजले कीं तिकडे दुपारचे साडेतीन होतात. शाळेचा घरचा अभ्यास आटोपून नात फोन खिडकींत उभा करी आणि पन्नास चेंडू टाकी, आणि आजीबाई इकडे माजघरांत भाजी निवडीत मोजीत. एकदां आम्ही सहज तिकडे गेलों असतां हा कार्यक्रम चालूं होता. आम्हांस बसा म्हणावयास त्यांस सवड नव्हती. “छत्तीस... सदतीस,” त्या मोठ्यानें म्हणाल्या, आणि लगेच मान हलविली. “हा नाहीं धरायचा ग, कड्याला लागून बाहेर गेला. छत्तीसच.”